चालतं ३२ बिट पोस्टग्रेस बदलायचं काहून?

कापूसकोंडा: आर्णी तालुक्यात कृषी केंद्र आहे आमचं. बिलाच्या प्रोग्रामखाली पोस्टग्रेस १०, म्हणजे सगळा हिशेब साठवणारा डेटाबेस, ३२ बिट. विंडोज १० तेही ३२ बिट, रॅम ४ जीबी. भाचा म्हणते ६४ बिटवर जा, म्हणजे जास्त मेमरी वापरता येते त्या नव्या जातीवर. काहून बावा? आठ वर्षांच्या उधारीसकट डेटा ३०० एमबी भरत नाही. ३२ बिटची ४ जीबीची मर्यादा मले कुठं आडवी येऊन राह्यली? चालते तोवर हात लावू नये, असं माह्यं मत.

ठेचा_भाकर: भाऊ, ते ४ जीबीचं गणित मेमरीचं आहे, डिस्कवरच्या डेटाचं नाही. विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामच्या वाट्याला तर साधारण २ जीबीच येते. पण तुमची अडचण दुसरीच आहे. विंडोजसाठी पोस्टग्रेसचा ३२ बिटचा तयार इन्स्टॉलर पोस्टग्रेस १० पाशीच थांबला आणि त्या १० च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाल्या. पुढं जायला वाटच नाही.

कापूसकोंडा: कॉम्प्युटर नेटवर नाही. खताचं पॉस मशीन वेगळं. दुरुस्ती घेऊन करू काय?

ठेचा_भाकर: पेनड्राइव्ह लावता नं? व्हायरस त्यातूनही येते.

सोयाबीन_दारव्हा: मी कापूसकोंडा भाऊच्या बाजूनं. मागच्या साली मी हौसेनं डेटाचं फोल्डर उचलून ६४ बिटमध्ये टाकलं. पोस्टग्रेसचा सर्व्हर उभाच झाला नाही. ऐन मृगात, दुकानात पाय ठेवाले जागा नाही, अन् मी वहीवर बिलं फाडून राह्यलो.

ठेचा_भाकर: फोल्डर नेत नसतात, दादा. ३२ अन् ६४ बिटमध्ये डेटाची मांडणी जुळत नाही. पोस्टग्रेससोबतच येते त्या पीजी डंपनं डेटाची नक्कल (डंप) काढायची, नव्यात भरायची. चूक ६४ बिटची नव्हती.

सोयाबीन_दारव्हा: चूक कोणाची का असेना, गिऱ्हाईक तर माह्यंच गेलं.

पुण्यातला_दिग्रसकर: ६४ बिटची इन्स्टॉलची फाईल निवडताना एक सांभाळा. मी एकदा प्रोसेसर इंटेलचा म्हणून ‘एएमडी६४’ सोडून ‘आयए६४’ घेतली होती. ती इटॅनियमची, म्हणजे इंटेलच्याच पण वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची. आपल्या साध्या कॉम्प्युटरची ६४ बिट पद्धत आधी एएमडी कंपनीनं आणली, मग इंटेलनं उचलली. एएमडीचं नाव तेवढं राहिलं. शिवाय बिलाचा प्रोग्राम ३२ बिट असला तरी ६४ बिट सर्व्हरशी बोलतो. प्रोग्राम अन् डेटाबेस जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर मात्र प्रोग्रामच्या जातीचा, म्हणजे ३२ बिटच लागतो. अन् गंमत पाहा, ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटची ओडीबीसी सेटिंगची खिडकी ‘सिसवाऊ६४’ फोल्डरात असते, ६४ बिटची ‘सिस्टीम३२’ मध्ये! माझी एक दुपार त्यातच गेली.

कापूसकोंडा: सेटिंगमध्ये पाह्यलं. ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर. म्हणजे जनावर ६४ चंच होतं, जू ३२ चं टाकलं कोणीतरी.

ठेचा_भाकर: मग आता तरी?

कापूसकोंडा: ३२ वरून ६४ बिट विंडोज वरच्यावर चढत नाही म्हणतात, फॉरमॅटच मारा लागते. हंगामात तर नाहीच. पोळा होऊ दे. डंप आज रात्री काढून ठेवतो, दोन पेनड्राइव्हवर. पण सांगून ठेवतो, माह्या जुन्या डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर ६४ बिटमध्ये नाही भेटला, तर बिलं तुह्या घरी येऊन छापीन.