म्हणे, की=एसटीआर टाका!

रात्रपाळी: पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या एका गटात कुणीतरी विचारलं, मार्कांच्या यादीत 78, 9, 100 आणि 'गैरहजर' आहे, सॉर्ट केलं (क्रम लावला) की टाइपएरर येतो, म्हणजे आकडा आणि मजकूर यांची तुलना होत नाही अशी तक्रार. लगेच उत्तर: "की=एसटीआर टाका, विषय संपला." अरे, काय संपला? एसटीआर म्हणजे सगळं मजकूर समजा; तसं अक्षर-अक्षर बघून लावलं की क्रम येतो 100, 78, 9, गैरहजर. गुणवत्ता यादीसाठी तो उलटा करा. परीक्षेला न बसलेलं पोरगं पहिलं, नऊवालं दुसरं, शंभरवालं तळाला! एरर गेली, निकाल बोंबलला. आधी डेटा निवडून साफ करा: आकडा असेल तर इंट (पूर्णांक), नाहीतर नन (None, म्हणजे 'काहीच नाही'). मग की (ज्यावरून क्रम लागतो ते) म्हणून जोडी द्या, (नन आहे का, आकडा). चढत्या क्रमात नन आपोआप शेवटी.

जुनाजाणता: पायथन 2 या जुन्या आवृत्तीत ही नाटकं नव्हती. आकडे आधी, मजकूर मागे, गपगुमान. 2008 ला 3 आलं आणि चालत्या गाड्याला खीळ बसली. आमचा रिपोर्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला.

रात्रपाळी: बिनबोभाट चुकत होता! 9 एका गठ्ठ्यात, अवतरणातला '9' दुसऱ्या. कुणी बघितलं का?

मास्तरीणबाई: 'गैरहजर' त्याच रकान्यात आम्हीच लिहितो. वेगळा रकाना देतं कोण? शून्य लिहिलं की पालक दारात. देवनागरी आकडे तर म्हणे चालतच नाहीत.

कंसातला: चालतात हो. पायथन 3 मध्ये इंट('७८') दिलं की 78 येतं. अवांतर: खरा अन्याय ळ वर आहे. नुसतं सॉर्ट केलं की काळे कावळ्यांच्या आधी, कारण युनिकोडात (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत) ळ हा व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर!

मास्तरीणबाई: अगदी! हजेरीपटात काळे दरवर्षी हाताने खाली आणते.

सोलापुरी: हजेरीत आधी मुलगे, मग मुली. त्यात कसला डोंबलाचा वर्णक्रम?

कंसातला: म्हणून ळ ला कुठंही बसवायचं? आडनावात ळ नसलेल्यांनी बोलूच नये.

सोलापुरी: माझ्या आडनावात दोन आहेत. बोला.

जुनाजाणता: ळ आवरा. जोडी करून पाहिली, चालते, मान्य. पण यादीत नॅन (NaN, 'हा आकडाच नाही' असं मूल्य) शिरला तर तुमचं शिस्तीचं 3 सुद्धा एरर देत नाही, क्रम मात्र विस्कटतो. तेव्हा कुठं जाते शिस्त?

रात्रपाळी: हा टोला बरोबर बसला. नॅनही आधी हुडकून नन करावा लागतो. बाकी तुमच्या 2 चा पाठिंबा 1 जानेवारी 2020 ला संपला, वर्षश्राद्धंसुद्धा झाली.

मास्तरीणबाई: भांडण झालं असेल तर ती जोडीची ओळ नीट लिहून द्या. उद्या निकाल आहे.

जुनाजाणता: की=लॅम्डा एक्स: (एक्स इज नन, एक्स). लॅम्डा म्हणजे एका ओळीचं छोटं फंक्शन, एक्स म्हणजे यादीतली एकेक नोंद. बाई, रिव्हर्स (क्रम उलटा करणं) लावू नका, नाहीतर गैरहजर परत डोक्यावर. उतरता क्रम हवा तर आकड्याला उणे चिन्ह लावा, पण नन ला लावलंत तर पुन्हा टाइपएरर.