मार्फा: शंभर खोके आणि एक गाव

रानवेडी:
गेल्या महिन्यात ऑस्टिनहून साडेसहा तास गाडी हाकत मार्फाला जाऊन आले. पश्चिम टेक्सासातलं गाव, मेक्सिकोची हद्द तासाभरावर. 2020 च्या जनगणनेत वस्ती 1,788. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना याहून जास्त माणसं जमतात.

या गावात डोनाल्ड जड नावाचा न्यूयॉर्कचा शिल्पकार 1971 साली आला आणि 1994 मध्ये मरेपर्यंत इथेच घरं, शेड, जमिनी घेत राहिला. लष्कराचा जुना तळ ओस पडला होता. तिथल्या तोफखान्याच्या दोन शेडमध्ये त्याने अॅल्युमिनियमचे 100 खोके मांडले. बाहेरून माप सगळ्यांचं एकच, आतून मात्र एकाची रचना दुसऱ्यासारखी नाही. शेडच्या दोन्ही अंगांना मोठाल्या काचा.

आत शिरताना खरं सांगते, मनात म्हटलं, हे तर भांड्यांच्या कारखान्याचं गोदाम. मग थोडा वेळ नुसती उभी राहिले. एक खोका निळा होता. अर्ध्या तासाने बघते तर त्याच्या कडेला पिवळं गवत उगवलेलं. पत्र्यावर उमटून बाहेरचा माळ आत आला होता. मुंबईतल्या एखाद्या दालनात हे बघितलं असतं तर दोन मिनिटांत चहाला गेले असते. खोके बघायला गेले आणि माळ बघून आले. त्यावर गावही जगलं. जडच्या पुढाकाराने 1986 साली सुरू झालेली चिनाती फाउंडेशन ही संस्था आजही ते सगळं सांभाळते.

आता बोला.

खडूसपंत:
माळ बघायला खोका लागतो? आमच्या आजोबांना कधी लागला नाही. गुरं घेऊन जायचे आणि आठ तास माळच बघायचे.

आणि "गाव जगलं" कशावरून? 2010 मध्ये वस्ती 1,981 होती, तुम्हीच दिलेला 2020 चा आकडा 1,788. दहा वर्षांत जवळजवळ दोनशे माणसं कमी. जगलेलं गाव असं असतं?

रानवेडी:
पंत, आजोबा माळ बघत नव्हते, गुरं बघत होते :) पाऊस कुठून येतोय ते बघत होते. फरक आहे.

वस्तीचं म्हणाल तर तळ 1946 साली बंद झाला, पाठोपाठ 1950 च्या दशकातल्या दुष्काळाने गुरांचा धंदा मोडला. गळती जडच्या आधीची आहे.

कॅनव्हास:
मी चित्रकार, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच कबूल. जडचा मुद्दा साधा होता. संग्रहालयं काम आणतात, महिनाभर मांडतात, उचलून दुसरीकडे पाठवतात. त्याला काम एकदा ठेवलं की तिथंच राहायला हवं होतं. म्हणून शेडबाहेर काँक्रीटच्या मोठ्या पोकळ ठोकळ्यांचे 15 गट, जवळजवळ किलोमीटरभर ओळीत, उघड्या गवतात. हरणं त्यांच्या सावलीला उभी राहतात. उद्या लिलावात विकायचं म्हटलं तर उचलणार कसं?

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धात या तळावर जर्मन युद्धकैदी होते. शेडच्या भिंतीवर जर्मन अक्षरं अजून आहेत: डोकं गमावण्यापेक्षा वापरलेलं बरं, अशा अर्थाची. जडने ती पुसली नाहीत. जागेचा इतिहास चुन्याखाली गाडून वर स्वतःचं नाव लावणारे आपण रोज बघतो.

माळवद:
खोक्यांवर बोलायची माझी लायकी नाही. भिंतींवर बोलतो.

मी उस्मानाबादकडचा (आता धाराशिव), स्थापत्य अभियंता, सध्या डॅलसला. आमचं घर माळवदाचं. पांढऱ्या मातीचे भेंडे (कच्चे ठोकळे), दीड हात जाडीची भिंत, वर लाकूड आणि माती. मे महिन्यात बाहेर 42 आणि आत माणूस पांघरूण शोधतोय, असं घर. मार्फातली जुनी घरं त्याच जातीची. अडोबी म्हणजे माती-गवत मळून उन्हात वाळवलेली कच्ची वीट. गरिबाचं घर, कारण माती फुकट आणि हात घरचे. जडने स्वतःच्या आवाराभोवती याच विटांची उंच भिंत घातली. पुढे पैसेवाले आले, त्यांना मातीचंच घर हवं झालं. सिमेंट-लाकडाचं घर परवडत नाही म्हणून मातीत राहणारा शेजारी आणि हौस म्हणून मातीत राहणारा पाहुणा, एकाच गल्लीत.

पुढचं ऐका. 2017 च्या सुमारास तिथल्या कर मूल्यांकनात मातीच्या घरांचा वेगळा वर्ग केला आणि त्यांच्या किमती वर चढवल्या. कर वाढला. आपल्या ग्रामपंचायतीत मातीच्या घराला घरपट्टी कमी आणि स्लॅबच्या घराला जास्त. तिथे नेमकं उलटं. ज्याच्या आजाने स्वतः माती तुडवून भिंत उभी केली, त्याच्या नातवाला त्या भिंतीचा दंड.

कॅनव्हास:
हे वाचून वाईट वाटलं. पण याचा जाब जडला का? कर लावणारे वेगळे, घरं घेणारे वेगळे. त्याला जाऊन तोवर वीस वर्षं उलटली होती.

माळवद:
जडला जाब विचारलाच नाही मी. तुम्हीच त्याचं नाव घेतलंत.

एल_पासोकर:
मी तीन तासांवर राहतो, कामासाठी त्या बाजूला जाणं होतं. तुम्हा सगळ्यांच्या गावात फक्त कलाकार आणि बिचारे गावकरी दिसताहेत. सीमा गस्ती दलाचं विभागीय मुख्यालय मार्फात आहे, ते कुणाच्याच नजरेला पडलं नाही? त्यांच्या पांढऱ्या-हिरव्या गाड्या कॉफीच्या दुकानाबाहेर कायम उभ्या. पगारी नोकरी म्हणाल तर ती, शाळा, काउंटी कचेरी आणि थोडीफार कुरणं.

90 नंबरच्या रस्त्याने व्हॅलेंटाइन गावाकडे निघालात की रानात एकटं 'प्राडा' या महागड्या इटालियन ब्रँडचं दुकान लागतं. 2005 मधली कलाकृती. दार उघडत नाही, आत पर्स आणि बूट मांडलेले. झाडून सगळे उतरून फोटो काढतात. त्याच रस्त्याला टेहळणीचा रडारवाला भलामोठा पांढरा फुगा दोराला बांधलेला असतो. त्यासमोर कुणी थांबत नाही. मला विचाराल तर त्या माळावरचं खरं शिल्प तो फुगा आहे, आणि तो कुणी कलाकाराने केलेला नाही.

खडूसपंत:
वा! हे पटलं.

आता मी गृहपाठ करून आलोय. मार्फात ब्लॅकवेल नावाची शाळा आहे, इमारत 1909 ची, मातीच्याच विटांची. मेक्सिकन घरांतल्या मुलांसाठी वेगळी. 1965 मध्ये बंद झाली. 1954 साली तिथे मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या खोक्यात घातल्या आणि चक्क अंत्यविधी करून पुरल्या. मयत कोण? स्पॅनिश भाषा. शाळेत घरची बोली बोलायची नाही म्हणून.

रानवेडीताई, तुमच्या लेखात शंभर खोके आले. हा एकशे एकावा आला नाही. तिथे जाणाऱ्यांपैकी किती जण ही शाळा बघतात?

रानवेडी:
मी नाही बघितली. दोन दिवस होते, त्या रस्त्याने दोनदा गेले असेन.

माझी मुलगी सात वर्षांची. शाळेतून आली की माझ्याशी इंग्रजीत सुरू होते आणि मी "मराठीत बोल" म्हणून ओरडते. तिला कुणी चिठ्ठी लिहायला लावलेली नाही तरी ही गत. त्या मुलांचं काय झालं असेल... असो. पंत, हा मुद्दा तुमचा. पण खोक्यात उगवलेलं गवत मी मागे घेणार नाही.

एल_पासोकर:
पुढचंही सांगून ठेवतो. त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 2007 साली जमून स्पॅनिश शब्दकोश जमिनीतून उकरून काढण्याचा विधी केला. इमारत पडू दिली नाही ती त्यांनीच. 2022 मध्ये कायदा झाला आणि आता ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. बाहेरून आलेल्या कुणी वाचवली नाही.

माळवद:
तिथल्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे की मातीचा, कुणी बघितलंय का? सिमेंट असेल तर आत ओल धरते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. आमच्या वाड्याची दक्षिणेची भिंत अशीच गेली.

रानवेडी:
ऑक्टोबरमध्ये पुन्हा जायचा विचार आहे, मुलीला घेऊन. बघून फोटो टाकते.

एल_पासोकर:
सोमवार-मंगळवार टाळा, अर्धं गाव बंद असतं. आणि निघताना पेट्रोल भरून घ्या.