चेटकिणीचं ‘सोंग घेतलं’ की ‘भूमिका केली’?

धंतोलीकर: भाची जर्मनीत हॅनोव्हरला असते. तिथून जवळच्या ब्रोकेलो गावात ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ नावाचा मोठा लार्प, म्हणजे पात्र होऊन प्रत्यक्ष खेळायचा खेळ, भरतो, 2004 साली सुरू झालेला. हजारो माणसं तंबू ठोकून राहतात, चिलखतं चढवतात, फोम आणि लॅटेक्सच्या तलवारींनी लढतात, जेवायच्या रांगेतही पात्राच्या नावानेच एकमेकांना हाक मारतात. भाची चेटकीण झाली होती. तिचं टिपण आमच्या दिवाळी अंकासाठी मराठीत आणताना मी लिहिलं, “मी चेटकिणीचं सोंग घेतलं.” दादाने त्यावर काट मारली. सोंग म्हणजे लबाडी, ‘भूमिका केली’ लिही, म्हणाला. पण भूमिका म्हटली की संहिता आली, तालीम आली, रंगमंच आला. यातलं तिथे काहीच नाही. काय लिहू?

सक्करदरा: दादांचं बरोबर आहे. शाळा बुडवायला पोट दुखतं म्हणणाऱ्या पोरालाच आई “सोंग करू नको” म्हणते. “सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही” यातही खोटेपणाच आहे.

वडसावाली: काहून जी? ‘सोंग करणे’ वेगळं, ‘सोंग घेणे’ वेगळं, आणि ‘सोंग वठणे’ ही तर शाबासकी आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडारीतलं, म्हणजे आमच्या लोकनाट्यातलं, सोंग पाहायला लोक रात्र जागतात, ते काय लबाडी पाहायला? लहानपणी रायंदर, म्हणजे बहुरूपी, पोलिसाच्या वेशात दारात येऊन दटावायचा, “चला ठाण्यात!” हा पोलीस नाही हे आजीला ठाऊक असायचं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असायचं. तरी ती घाबरल्यासारखी करायची अन् सुपातून धान्य आणून घालायची. यात फसवलं कोणाले? फसवणूक असते ते ढोंग. भाचीची चेटकीण खरी नाही हे त्या मैदानातल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ‘सोंग’च लिहा.

महालकर: हिंदीतलं स्वाँग आणि आपलं सोंग एकाच घराण्यातले. माझ्या मते मुळात ‘स्व’ आणि ‘अंग’ आहे.

सक्करदरा: स्वतःचंच अंग असेल तर ते सोंग कसलं? दुसऱ्याचं रूप घ्यावं लागतं.

महालकर: रूप दुसऱ्याचं, अंग आपलंच. मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या निघतो, तो पुतळा आहे, त्याला कोणी सोंग म्हणत नाही, कारण आत माणूस नाही. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन, शिवाजी नाही तर शेतकरी होऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला दारोदार येतात. ती वेशभूषा. बोजारा हातात पडला की पोरगं पुन्हा आपलं आपलं. सोंगात कपड्यांबरोबर वागणंही बदलावं लागतं.

गोकुळपेठ: पण वडसावाली ताई, रायंदरापुढे आजी होती, दंडारीपुढे गाव बसलेलं असतं. लार्पमध्ये बघणारा कोण? तिथे सगळेच आत. बघणारा नसेल तर सोंग कोणासमोर वठायचं? हे मला खरंच अडतं.

वडसावाली: आजी बघत नव्हती, खेळत होती.

रामदासपेठ: मूळ घोटाळा ‘लार्प’ या शब्दाचा आहे, तो आधी काढा. ‘रूपक्रीडा’ म्हणा. चित्रपट, दिग्दर्शक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोकांना जड वाटले असतील. आज कोणाला जड वाटतात?

गोकुळपेठ: त्याच पिढीतला ‘दूरध्वनी’ मात्र कार्यालयाच्या पाटीवरच राहिला. वीस वर्षांची मुलगी मैत्रिणीला “रूपक्रीडेला येतेस का?” असं विचारणार नाही.

महालकर: नवा शब्द हवाच कशाला? ‘खेळ’ आहे ना! आपण नाटकाचाही ‘खेळ’ म्हणतो आणि लगोरीचाही. कोकणात नमनवाल्यांना खेळेच म्हणतात. ‘सोंगांचा खेळ’ म्हणा, भाचीचं काम त्यात पूर्ण बसतं.

रामदासपेठ: ‘सोंगांचा खेळ’ म्हटलं की वाचक तमाशाच समजेल.

वडसावाली: समजू द्या. तमाशात कमीपणा काय आहे?

धंतोलीकर: मंडळी, दुसरी अडचण. लढाईत कोणाला खरंच लागलं की खेळ थांबवायला एक ठरलेली आरोळी असते. तिच्यासाठी मी ‘थांबा’ लिहिलंय, पण ते फारच मिळमिळीत वाटतंय.

सक्करदरा: “टाइम प्लीज!” लिहा. लंगडीत, लपंडावात आम्ही तेच ओरडायचो.

रामदासपेठ: तलवारींच्या लढाईत टाइम प्लीज? आधी लार्प, आता हे. मराठी अंक आहे ना हा?

सक्करदरा: टाइम प्लीज मराठीच आहे हो. इंग्लंडातल्या पोराला म्हणून पाहा, कळतं का ते.

गोकुळपेठ: एक राहिलंच. वर सगळे ‘तो लार्प’ धरून चाललेत. खेळ म्हणून तो, की स्पर्धेसारखी ती? माझा मुलगा ‘ते लार्प’ म्हणतो.

महालकर: तो. वाद नको.

वडसावाली: वाद आहे. आमच्याकडे ‘ती’च येईल तोंडात.