मदत हवी आहे: वायपर काचेच्या मधोमध थांबतो

भिजलेला_चालक
गाडी जुनी आहे. वायपर चालता चालता काचेच्या मधोमध थांबतो, मग काही केल्या हलत नाही. फ्यूज बघितला, ठीक आहे. परवा पहाटे लांब जायचंय आणि पावसाची उघडीप दिसत नाही. काय बिघडलं असेल? जरा लवकर सांगा.

निवांत
ब्लेड बदला. रबर कडक झालं की असंच होतं. मी दर पावसाळ्याआधी बदलतो, कधी त्रास नाही.

पाना_पक्कड
रबर कडक झालं तर काच नीट पुसली जात नाही, करकर होते. वायपर थांबत नाही हो.
धागाकर्ते, जुनी म्हणजे कोणती गाडी? थांबल्यावर मोटरचा आवाज येतो का? स्लो आणि फास्ट दोन्हीवर थांबतो का? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजपंचेच बोलणार.

अर्थिंगवाला
अर्थिंग, म्हणजे मोटरचा करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो ती जोडणी. डोळे मिटून सांगतो. जुन्या गाडीत दहातल्या आठ विजेच्या तक्रारी अर्थच्या गंजलेल्या बोल्टपाशी येऊन थांबतात. मोटरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जादा वायर जोडून बघा, पाच मिनिटांचं काम.

भिजलेला_चालक
आवाज येत नाही. दोन्ही स्पीडवर होतं. थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. कोणती गाडी याने काय फरक पडतो? वायपर सगळ्यांचे सारखेच ना?

पाना_पक्कड
"आपोआप चालू होतो" हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! किती वेळ चालून थांबतो आणि किती वेळाने सुरू होतो?

भिजलेला_चालक
पाच-सात मिनिटं चालतो. थांबला की दहा मिनिटांनी परत सुरू.

जुनंतेसोनं
यावरून आठवलं, वायपरचं पेटंट मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ साली अमेरिकेत घेतलं. चालकाने आत बसून हाताने दांडा फिरवायचा. पुढे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर आले, ते चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मंदावायचे, म्हणजे नेमकी गरज तेव्हाच ढेपाळायचे. त्या मानाने आपण सुखी.

भिजलेला_चालक
फारच उद्बोधक. माझा वायपर अजून बंदच आहे.

रिले_बदला
माझ्या गाडीत अगदी हेच होत होतं, रिले (करंट जोडणारी-तोडणारी छोटी डबी) बदलला आणि प्रश्न मिटला. उगाच मोटर खोलत बसू नका.

पाना_पक्कड
तुमचा फक्त थांबून थांबून चालणारा स्पीड गेला असेल. जुन्या गाड्यांत रिलेचा संबंध बहुधा तेवढ्यापुरताच असतो. इथे दोन्ही स्पीड जातायत, तेही चालून तापल्यावर. बऱ्याच वायपर मोटरमध्ये थर्मल कट-आउट असतो: मोटर जास्त तापली की तो तोडतो, निवली की जोडतो. म्हणजे मोटरवर लोड येतोय किंवा मोटरच म्हातारी झालीय.

भिजलेला_चालक
मोटर म्हातारी नाही. दोन महिन्यांपूर्वीच नवी बसवलीय.

अर्थिंगवाला
आँ? का बदलली होती?

भिजलेला_चालक
हाच त्रास होता म्हणून. आधी फ्यूज दोनदा उडाला. मेकॅनिकने मोटर बदलली आणि मोठा फ्यूज टाकला. त्यानंतर एकदाही उडाला नाही, म्हणून तर वर ठीक आहे म्हटलं.

पाना_पक्कड
कपाळ! मोठा म्हणजे किती? जुना कोणत्या रंगाचा होता?

भिजलेला_चालक
निळा होता. आता पारदर्शक आहे.

पाना_पक्कड
निळा १५ अँपिअरचा, पारदर्शक २५ चा. आधी तो काढून १५ चा लावा, नाहीतर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. फ्यूज उडत होता तो लोडमुळेच, आणि आता फ्यूज तग धरतो म्हणून कट-आउट तोडतोय. नव्या मोटरनेही तेच होतंय, म्हणजे दोष मोटरच्या पुढे आहे: लिंकेज (मोटर आणि वायपर जोडणारे रॉड) किंवा स्पिंडल (वायपर ज्यावर फिरतो तो दांडा).

अर्थिंगवाला
अर्थ खराब असला तरी थांबू शकतो.

पाना_पक्कड
थांबेल, पण फ्यूज उडणार नाही. खराब अर्थने करंट कमी होतो, वाढत नाही.

अर्थिंगवाला
मग मोजूनच होऊ दे. मोटर चालू असताना मल्टीमीटरची एक पिन मोटरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर मी बरोबर.

भिजलेला_चालक
शेजाऱ्यांचा मीटर आणून मोजलं. ०.१ आलं.

अर्थिंगवाला
बरं, या वेळी नाही. तरी बोल्ट घासून घ्या.

पाना_पक्कड
आता काचेखालची जाळी काढा. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, कारण लिंकेजमध्ये बोट असताना मोटर फिरली तर बोट जाईल. मोटरच्या क्रँकवरून (मोटर फिरवते त्या पट्टीवरून) रॉड वेगळा करा आणि दोन्ही आर्म, म्हणजे ब्लेड धरणारे दांडे, एकेक करून हाताने हलवा. सहज फिरायला हवेत.

भिजलेला_चालक
डावा लोण्यासारखा फिरतो. चालकाच्या बाजूचा दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा इंचभर हलला.

पाना_पक्कड
सापडला. स्पिंडल बुशमध्ये (ज्या नळीत तो फिरतो तिच्यात) गंजून जाम झालाय. मोटर बिचारी निष्पाप होती.

निवांत
गंजाचा स्प्रे मारा, सुटेल.

पाना_पक्कड
सुटेल, आणि स्प्रे उडून गेला की परत धरेल. स्प्रे फक्त सोडवायला. मग सर्कलिप (स्पिंडल अडवून ठेवणारी कडी) काढून स्पिंडल बाहेर ओढा, बारीक पॉलिश पेपरने गंज घासा, ग्रीस लावून बसवा. आर्म काढण्याआधी ब्लेड काचेवर जिथे टेकतं तिथे चिकटपट्टी लावून खूण करा.

भिजलेला_चालक
स्पिंडल आता बोटाने फिरतो. १५ चा फ्यूज लावला, अर्धा तास पावसात गाडी चालवली, एकदाही थांबला नाही. पण बंद केल्यावर चालकाच्या बाजूचा वायपर खाली न बसता तिरका उभा राहतो. हे नवीनच.

पाना_पक्कड
चिकटपट्टी लावली होती का?

भिजलेला_चालक
नाही.

पाना_पक्कड
वाटलंच. आर्म स्पिंडलच्या चुकीच्या दात्यावर बसलाय. वायपर एकदा चालू करून स्विचने बंद करा, म्हणजे मोटर पार्कला, तिच्या थांबायच्या जागी, येईल. मग त्या आर्मचा नट काढा, आर्म उचलून खालच्या जागी बसवा आणि कसा. काच ओली असतानाच चालवून बघा.

भिजलेला_चालक
दोन दाते चुकले होते. बसला. आता झोपतो, पहाटे निघायचंय.