टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही. कुठला पार्ट बदलू? (सोलापूर)

सातरस्ता (शनिवार, रात्री ९:४०)
टीव्ही गेलाय. आवाज येतो, चित्र नाही. मागचं कव्हर काढून बसलोय, सप्लाय बोर्डवर एकही कॅपॅसिटर फुगलेला नाही. मग कुठला पार्ट बदलू? दुपारी मेकॅनिक आला, पाच मिनिटांत "पॅनेल गेलंय, नवा घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे ३०० घेऊन गेला. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, दिवसभर पलंगावर असते, टीव्हीशिवाय तिचा वेळ जात नाही. लवकर सांगा.

मीटरवाला (९:५२)
किती इंची? लाल लाईट नुसता लागतो की लुकलुकतो? चालू केल्यावर क्षणभर तरी स्क्रीन उजळते का? एवढं कळल्याशिवाय कुणी पार्टचं नाव सांगितलं तर ऐकू नका.

होटगीरोड (९:५८)
फॅक्टरी रीसेट मारा. माझं सेम झालं होतं, सेट टॉप बॉक्सचं चित्र येत नव्हतं. एचडीएमआयची वायर काढून परत घातली, आलं.

सातरस्ता (१०:०१)
मेनूच दिसत नाही, रीसेट कसा मारू? ३२ इंची एलईडी आहे. लाल लाईट नेहमीसारखा.

मीटरवाला (१०:०६)
कव्हर परत लावून टीव्ही चालू करा. खोलीत अंधार करा आणि मोबाईलची टॉर्च काचेला अगदी जवळ, तिरकी धरा. फिकट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, शाबूत आहे, मागून उजेड देणारा बॅकलाईट गेलाय. आणि पुन्हा उघडाल तेव्हा प्लग काढलेला असला तरी सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरला बोट लावू नका. घरातले २३० व्होल्ट तिथे डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातात आणि प्लग काढल्यावरही साठून राहतात.

लूमगल्ली (१०:१०)
स्क्रूड्रायव्हरने दोन पाय शॉर्ट करायचे, ठॅक झालं की संपलं. वीस वर्षं तेच करतोय.

मीटरवाला (१०:१३)
दादा, तुमचा हात बसलाय, त्यांचा नाही. त्या ठिणगीने बोर्डचा ट्रॅक उडालेला मी स्वतः जोडलाय. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब होल्डरला लावून त्याच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या पायांना टेकवा, मग मल्टिमीटरने व्होल्टेज उतरलं का बघा.

लूमगल्ली (१०:१५)
पिवळा बल्ब आता मिळतो कुठे?

सातरस्ता (१०:३१)
दिसलं! बातम्या वाचणारी बाई दिसली, एकदम फिकट. आई पलंगावरून म्हणाली, "दिसलालंय की रे." चालू करताना सेकंदभर उजेड येतो आणि जातो, तेही खरंय. महिन्याभरापासून खाली डावीकडे एक पांढरा गोल डाग होता. टीव्ही तिरका केला की आत काहीतरी खडखडतं.

मीटरवाला (१०:३८)
अहो, हा डाग सगळ्यात आधी सांगायचा! पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात. प्रत्येक एलईडीवर एक छोटं भिंग चिकटवलेलं असतं, ते उजेड पसरवतं. उष्णतेने डिंक सुटतो, भिंग पडतं आणि तिथे पांढरा डाग दिसतो. खडखडतंय ते भिंगच. एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझते, गणपतीच्या जुन्या लाईटच्या माळेसारखी. सर्किटला गडबड कळते आणि ते सेकंदभरात उजेड बंद करतं.

जुळेसोलापूर_ताई (१०:५०)
आमचाही उन्हाळ्यात गेला. पारा ४३ च्या वर, त्यात लाईट कमी-जास्त. एवढ्या खटपटीपेक्षा नवा घ्या आणि स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे आज दुपारी तीनदा गेली, पाणी आलं आणि लाईट नाही, मोटार कशी लावायची सांगा.

लूमगल्ली (१०:५४)
तुमच्याकडे पाणी आलं तरी! आमचा आज सहावा दिवस.

सातरस्ता (१०:५७)
ताई, नवा घ्यायला आत्ता पैसे नाहीत, सगळे दवाखान्यात गेले. पाण्याचं नंतर बोला प्लीज. स्क्रीन काढायची कशी?

मीटरवाला (११:१२)
घाईत करू नका. खरी जोखीम इथेच आहे. काच कागदासारखी वाकते आणि एका कोपऱ्यावर जोर आला की तडकते. दोघांनी मिळून उचला. काचेच्या कडेला पातळ पिवळसर पट्ट्या असतात, त्यांना ताण द्यायचा नाही, त्या फाटल्या तर मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल. आतली पांढरी प्लास्टिकची पानं ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने परत लागली पाहिजेत, मोबाईलवर फोटो काढत जा. काच ठेवायला पलंगावर सोलापुरी चादर पसरा, धुतलेली. टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात आणि नंतर स्क्रीनवर केसासारखे दिसतात.

सातरस्ता (रविवार, दुपारी १:२०)
मेहुण्याला बोलावून उघडला. दोन पट्ट्या, प्रत्येकी सहा एलईडी. डावीकडच्या तिसऱ्याचं भिंग खाली पडलेलं, आणि त्या एलईडीच्या पिवळ्या चौकोनात मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. पण मीटर डायोड मोडवर ठेवून तपासलं तर एकही लागत नाही. बाराच्या बारा गेले का?

मूळ_सोलापूरचा (१:३४)
नाही. तुमचे ६ व्होल्टवाले असणार. मीटरचा डायोड मोड जेमतेम ३ व्होल्टवाला पेटवतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, एका वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर टाका आणि एकेकाला लावून बघा. उलटसुलट लावूनही जो लागत नाही तो मेलेला. तेवढाच बदला, दहा रुपयांचं काम.

मीटरवाला (१:४१)
एकच बदलू नका. बाकीचे अकराही तेवढेच तास तापलेत, तीन महिन्यांत पुन्हा काच उचलावी लागेल. पूर्ण सेट टाका.

मूळ_सोलापूरचा (१:४४)
माझा एक बदललेला दोन वर्षं चाललाय.

मीटरवाला (१:४९)
चालला असेल. पण एलईडी स्वस्त आहे, ती काच पुन्हा पुन्हा उचलणं महाग आहे. यांच्या आई पलंगावर आहेत, पुन्हा बंद पडायला नको. जुनी पट्टी सोबत न्या. लांबी, एलईडींची संख्या आणि व्होल्ट तिन्ही जुळवा. ३ व्होल्टवाली पट्टी दिसायला सारखीच असते आणि दुकानदार खुशाल देतो.

सातरस्ता (सोमवार, रात्री ८:१५)
काल फक्त तिसरा एलईडी मेलेला निघाला, बाकी सगळे लागले. तरी सेटच घेतला, नवी पेठेत ३५० ला मिळाला. पहिल्या दुकानात ३ व्होल्टवाली देत होते, मीटरवाला दादांनी सांगितलं नसतं तर घेऊन आलो असतो. पट्ट्या बसवल्या, भिंगं ओढून बघितली, पानं फोटोप्रमाणे लावली. संध्याकाळी सव्वासातला चालू केला, पूर्ण उजेड, डाग नाही. आईने आधी हात जोडले आणि मग सीरियल लाव म्हणाली. मनापासून आभार, दादा. वर उजवीकडे पानात एक धुळीचा कण राहिलाय, तो काढायला पुन्हा उघडू का?

मीटरवाला (८:२२)
अजिबात नाही. मेनूत जाऊन बॅकलाईट १०० वरून ६० वर आणा, एलईडी कमी तापतील. त्या कणाकडे बघायचं नाही.

सातरस्ता (८:२९)
आणला. आई म्हणते डोळ्यांनाही बरं वाटतंय. ती बॅटरी-रेझिस्टरची जोडणी ठेवून दिलीये, सात रस्त्याच्या आसपास कुणाला तपासायला हवी असेल तर इथे लिहा, आणून देतो.

जुळेसोलापूर_ताई (८:४०)
आमचा जुना माळ्यावर आहे, तोही आवाज द्यायचा. टॉर्च लावून बघते आणि सांगते.