लेझरने कापलेल्या काचेची कड दिसायला छान, पण वाकवली की मध्येच दगा देते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे युनिट आहे, मोजमापाच्या उपकरणांच्या दर्शनी काचा करून देतो. आजवर चाकाच्या कटरने चरा पाडून तोडायचो, मग कड घासायचो. आता पिकोसेकंद लेझर (अतिशय छोटे ठोके देणारा) घेतलाय: तरंगलांबी १०३० नॅनोमीटर, बर्स्ट मोड (ठोके झुबक्याने), एक्सिकॉन (शंकूच्या आकाराचे भिंग) लावून बेसेल बीम, म्हणजे सुईसारखा लांब बारीक झोत. काच दोन जातींची, १.१ मिमी सोडालाइम (खिडकीची साधी काच) आणि तेवढ्याच जाडीची बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी).

लेझर काचेच्या पूर्ण जाडीतून ४ मायक्रॉन अंतराने बारीक छिद्रांची रांग पाडतो, पोस्टाच्या तिकिटाला असते तशी. मग त्याच रेषेवरून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर फिरवला की उष्णतेने काच सुटते. सोडालाइम मस्त सुटते. पाणी नाही, काचेचा चिखल नाही, सूक्ष्मदर्शकाखाली टवके १० मायक्रॉनच्या आत. घासणाऱ्या पोरांना दुसरे काम शोधून द्यावे लागले!

अडचण चार बिंदूंच्या वाकवणी चाचणीत आहे (काच दोन टेकूंवर ठेवून वरून दोन ठिकाणी दाबायची). सरासरी ताकद चाकाच्या कटरपेक्षा चांगली येते, पण अधूनमधून एखादा नग सरासरीच्या निम्म्यावरच तुटतो. गिऱ्हाईक सर्वात कमजोर १० टक्के नग कुठे तुटतात ते बघते, त्यामुळे सरासरीचे कौतुक माझ्या काही कामाचे नाही. मशीन विकणारे म्हणतात, "कडेचा आरए (खरखरीतपणाचा आकडा) एवढा उत्तम, मग तक्रार कसली?" मला हे पटत नाही.

शिवाय बोरोसिलिकेट सीओटूला दादच देत नाही. पॉवर वाढवली तर तडा रेषा सोडून भलतीकडे पळतो. कोणी हे काम केले आहे का?

काचकाम:
आरए विसरा. तो खरखरीतपणाची सरासरी सांगतो आणि काच तुटते ती सगळ्यात खोल चिरेपाशी. चीर चौपट खोल असली की ताकद निम्मी. ही एक चीर आरएच्या आकड्यात दिसतसुद्धा नाही.

वाकवताना खालची बाजू ताणात असते. तिथे लेझर शिरलेली बाजू होती की बाहेर पडलेली? दोन्हींचे आकडे वेगळे काढा. बाहेरची बाजू कमजोर निघाली तर फोकस वर राहिलाय: छिद्र तळापर्यंत पोचत नाही आणि शेवटचा भाग काच आपल्या मर्जीने फाडते. तुटलेले तुकडे फेकू नका. तुटीच्या उगमाभोवती आरशासारखा गुळगुळीत पट्टा असतो, त्यावरून सुरुवात पृष्ठभागावर झाली की जाडीच्या मध्ये, ते कळते. मध्ये असेल तर ऊर्जा आणि छिद्रांमधले अंतर तपासा.

बोरोसिलिकेटचे म्हणाल तर तिचे उष्णतेने प्रसरण अंशाला दहा लाखात ३.३ भाग, सोडालाइमचे ९ च्या आसपास. तेवढ्याच तापमानाला ताण जेमतेम तिसरा हिस्सा. पॉवर वाढवून हट्ट धरू नका, वाकवून तोडा. बीमचा छेद गोल न ठेवता कापायच्या दिशेने लांबट केला तर छिद्रांतले तडेही त्याच दिशेने जातात, मग कमी जोरात सुटते.

मूळ प्रश्नकर्ता:
देव बरें करूं! प्रत्येक नगाची बाजू नोंदवलेली होती, लगेच वेगळे करून पाहिले. कमजोर नग जवळपास सगळे बाहेरची बाजू खाली असलेले. उद्या फोकस खाली घेतो. आणखी एक शंका: आमच्या चाचण्या भर पावसाळ्यातल्या, गिऱ्हाइकाची लॅब एसीतली कोरडी. आकडे त्यामुळे जुळत नसतील का?

काचकाम:
फरक पडतो. ताणाखाली चिरेच्या टोकाशी पाण्याची वाफ सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडते आणि चीर हळूहळू वाढते. म्हणून दमट हवेत आणि सावकाश भार दिला की आकडा खाली येतो. दोघांनी आर्द्रता आणि भाराचा वेग एकच ठेवा, नाहीतर भांडण मिटणार नाही. आणि सोडालाइम पुढे केमिकल टफनिंगला (रसायनाने काच कणखर करायला) जाणार असेल तर आधी कापा, मग पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवा, म्हणजे कडेलाही दाबाचा थर मिळतो. उलट केले तर कापलेल्या कडेवर आतला ताण उघडा पडतो.

मूळ प्रश्नकर्ता:
क्रम तोच ठेवतो. आता राहिली बोरोसिलिकेट. सरळ रेषा वाकवून तुटेल, पण माझ्या निम्म्या ऑर्डरी गोल चकत्यांच्या आहेत. गोलाभोवतीची काच कडेला टवका न उडवता सोडवायची जिग (काच धरून ठेवायचा साचा) कोणी बनवली आहे का?