खळ कच्ची राहिली असणार

मैद्याच्या खळीनं आकाशकंदिलाचा पतंगी कागद सुरकुततो, म्हणून बाजारचा पांढरा डिंकच बरा, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. कागद सुरकुततो तो पाण्यानं, आणि कच्ची खळ नीट चिकटत नाही म्हणून आपण ती थापत बसतो. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधट रंग जाऊन किंचित पारदर्शक चमक आली की शिजली. पूर्ण गार झाल्यावर कागदाला नाही, सांगाड्याच्या बांबूच्या कामट्यांना लावायची, तीही बोटानं निपटून. आमच्याकडे दरवर्षी निम्मी खळ मुलांच्या कोपरांनाच लागते, तो भाग वेगळा.

आणखी एक गोष्ट. कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकत. घरात लहान मुलं असतील तर ते अजिबात नको, विषारी आहे. त्याऐवजी मी शिजतानाच चिमूटभर तुरटीची पूड घालते. तरी उरलेली खळ दोन-तीन दिवसांत आंबतेच, तेव्हा थोडीच करा.